घाटाचा ब्रेक

आमच्या दूध संस्थेची पिकअप मागच्या चाकांचे लायनर खात होती. चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या या पट्ट्या झिजण्यासाठीच असतात, हे मला मान्य आहे. पण जी वस्तू वर्षभर चालायला हवी ती आमच्याकडे दोन महिन्यांत कागदासारखी पातळ होई आणि खालच्या रिव्हेटा ड्रमला ओरखडू लागत. ही गोष्ट सत्तर-एकाहत्तर सालची. मी संस्थेचा हिशेबनीस होतो. गाडी चालवत होते माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. लायनर कशाने झिजतात यावर त्यांची नोकरी राहणार की जाणार हे ठरायचं होतं, आणि ते शोधून काढायला कमिटीने नेमलं मला.

आमचं गाव राजूरच्या वर, डोंगरात. गावाच्या थोडं पुढे घाट लागतो. तो उतरून राजूर, आणि तिथून पुढे दूध तालुक्याला, अकोल्याला जायचं. दाजींचा मूळ धंदा बैलगाडीचा. वरून हिरडा आणि भात खाली न्यायचा, खालून मीठ, घासलेट, कापडाचे गठ्ठे वर आणायचे. वीस वर्षं त्यांनी तो घाट केला, आणि त्यांची गाडी कधी कलंडली नाही, त्यांचा बैल कधी गुडघ्यावर आला नाही.

बैलगाडीचा घाट ज्याने पाहिला नाही त्याला थोडं सांगायला हवं. चढाला बैल गाडी ओढतात, उताराला गाडीच बैलांना ढकलते. म्हणून घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवत. चाकांच्या मागे एक आडवं लाकूड असायचं, ते दोराने आवळून चाकांवर दाबून बसवत, आणि तसंच घासत घासत गाडी पार तळापर्यंत नेत. तळाला चिंचेचं झाड होतं, तिथे दोर सोडत. दोर सैल राहिला तर बैल रेटले जात, फार आवळला तर त्यांना उतारावरही ओढावं लागे. हे माप दाजींच्या हातात होतं. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या घाटाच्या तोंडाशी त्यांची वाट बघत उभ्या राहायच्या. “मामा, तेवढा घाट उतरवून द्या,” म्हणायचे लोक. दाजी आपली गाडी बाजूला सोडून दुसऱ्याची गाडी खाली नेऊन देत आणि पायी परत वर येत. त्याबद्दल सुपारीच्या खांडापलीकडे काही घेत नसत.

मग घाटाचा रस्ता पक्का झाला, ट्रक वर येऊ लागले आणि बैलगाडीच्या भाड्यात काही राहिलं नाही. दाजींनी बैल विकले. चाळिशीच्या आसपास असताना अकोल्याच्या एका ट्रकमालकाकडे राहून मोटर शिकले. शिकले ते सपाटीवर, आणि परवान्यासाठी चाचणी दिली ती नगरच्या मैदानावर. संस्थेने जुनी पिकअप घेतली तेव्हा चेअरमन कमिटीत म्हणाले, “घाट जानणारा मानूस पायजे. सपाटीवर काय, कुनीबी चालवील.” नाव दाजींचं निघालं. नात्याचा विषय आहे म्हणून मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून कमिटीतल्या एका पंचाचा आवाज आला, “भाऊसाहेब भाईर बसले म्हंजे नातं काय घरला गेलं व्हय?” सगळे हसले. या पंचाचा भाचा संगमनेरला ड्रायव्हर होता आणि त्याला ही जागा हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मला भाऊसाहेब म्हणत ते हिशेब लिहितो म्हणून.

पहिले लायनर गेले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. गाडी जुनीच घेतलेली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा अकोल्याच्या मिस्त्रीने मला मुद्दाम बोलावून चारही चाकं उघडून दाखवली. पुढचे लायनर जवळजवळ नवे होते. मागचे जळून काळे पडलेले, वर काचेसारखी चकाकी आलेली.

“पुढचे बगा, आता खोक्यातनं काढल्यासारखे,” मिस्त्री म्हणाला. “मागं कोळसा झालाय. माल लई भरता तुमी. आनि कॅनवर मानसं बसवता ती येगळी.”

त्यात तथ्य होतं. खाली जाणारी गाडी म्हटली की गावातलं कुणी ना कुणी मागे चढायचंच. मी कमिटीकडून ठराव करून घेतला, कॅन कमी केले, माणसं बंद केली. पहिल्याच सकाळी एक म्हातारी टोपलीत कोंबडी घेऊन आली. दाजींनी हात जोडले, “आजी, भाऊसाहेबांनी बंदी केलीया.” म्हातारी माझ्याकडे वळली. “आरं, मला नगं नेऊ, पर कोंबडी तरी ने. का तिचंबी वजन हुतं?” मी कोंबडीही नेऊ दिली नाही. त्यानंतर बरेच दिवस गावात मला बघून लोक कोंबडीसारखा आवाज काढत.

वजन कमी झालं तरी लायनर तसेच जळाले.

चेअरमनना वाटलं, घाटात गाडी न्यूट्रलवर सोडून इंजिन बंद करून उतरवत असतील. पेट्रोल वाचवायला पुष्कळ ड्रायव्हर तसं करतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो. हे पटण्यासारखं होतं. पण तसं असतं तर पेट्रोल कमी लागायला हवं होतं, आणि आमच्या गाडीला ते जास्त लागत होतं. मी तीनदा ताडून पाहिलं. नजरचूक नव्हती. जे होतं ते मी कमिटीपुढे ठेवलं. न ठेवता मला राहता आलं नसतं.

ती बैठक मला अजून आठवते. पंचाने विडी विझवली आणि तो म्हणाला, “म्हंजे पेट्रोलबी जातंय आनि लायनरबी जातंय. मग उलगडा सोपा हाय की. पेट्रोल राजूरला इकायचं. लायनर नवा काढून कुनाला तरी द्यायचा आनि जळका बसवायचा.”

“पाहिल्याशिवाय असं बोलू नका,” मी म्हणालो.

“मग बगा की तुमी. तुमच्याच घरचं हाय. आमी बगितलं तर म्हनाल, भाच्यासाठी बगितलं.”

चेअरमन भले माणूस होते, पण त्यांना भांडण नको होतं. “भाऊसाहेब, तुमी चार दिस गाडीत बसा,” ते म्हणाले. “जे दिसंल ते येऊन सांगा. तुमी खोटं बोलनार न्हाई, येवढं मला ठावं हाय. चोरी निघाली तर दुसरा मानूस बगू.”

संध्याकाळपर्यंत हे थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या कानावर गेलं. ती माझ्या घरी आली तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. माझ्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने घेतला नाही.

“चोरी बगायला बसनार म्हनं तू गाडीत?”

“लायनर का झिजतात ते बघायला बसणार आहे.”

“तुला काय वाटतं? त्यांनी इकलं आसंल?”

“मला काही वाटत नाही, अक्का. बघेन आणि सांगेन.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “काई वाटत न्हाई,” ती म्हणाली. “बैल इकले त्या दिवशी त्या मानसाने भाकर खाल्ली न्हाई. नोकरी लागली तवा कुठं घरात हसला. आनि तुला काई वाटत न्हाई. मोजमाप करनाऱ्या मानसाचं बरं असतं.”

ती गेल्यावर आमच्या घरातून मला विचारलं गेलं, की ‘दाजी तसे नाहीत’ एवढं म्हणायला काय जात होतं? खरं तर मला तसंच वाटत होतं. पण त्याच वेळी जास्तीचं पेट्रोल कुठे जातं याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसताना मला बोलता येत नाही. तो माझा स्वभाव आहे, अजूनही तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढे दाजींच्या शेजारी बसलो. त्यांना सगळं माहीत होतं. तरी हसून म्हणाले, “बसा पाव्हणं. आज गाडीला हिशेबनिसाचं वजन झालं, लायनर जानार म्हना की.” मला हसता आलं नाही.

घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. तिथे रस्त्याच्या कडेला शेंदूर लावलेला धोंडा आहे, पूर्वी सगळे गाडीवान तिथे थांबायचे. दाजी उतरले, शेजारच्या झाडाचं एक पान तोडून धोंड्यावर ठेवलं, पाया पडले आणि परत येऊन बसले. मग डाव्या हाताने हँडब्रेकची लिव्हर धरली आणि हळूहळू वर ओढली. पूर्ण नाही. थोडी ओढली, थांबले, गाडी जराशी पुढे जाऊ दिली, कान देऊन काहीतरी ऐकलं, आणखी एक खाच वर घेतली. मग समाधानाने मान हलवली आणि घाट उतरायला लागले.

मला मोटर चालवता येत नव्हती. पण हँडब्रेक मागच्या दोन चाकांना आवळतो आणि गाडी उभी करून ठेवायला असतो, एवढं मिस्त्रीने चाकं उघडली तेव्हा मी विचारून घेतलं होतं. गाडी आवळलेल्या चाकांनिशी चालली होती. पहिल्या वळणाला जळका वास आला. मधे थोडी सपाटी लागते, तिथे गाडी मंदावली तेव्हा दाजींनी लिव्हर सोडली नाही, पेट्रोलचा पाय दाबून गाडी ओढत नेली. जास्तीचं पेट्रोल कुठे जात होतं ते मला तिथे कळलं. तळाला चिंचेपाशी आल्यावर त्यांनी लिव्हर सोडली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, “सुटला घाट.”

मी विचारलं, “दाजी, हँडब्रेक ओढून उतरता?”

“मग?”

“रोज?”

“रोज म्हंजे? घाट काय रोजचा येगळा हाय व्हय?”

“पण पायाखाली ब्रेक आहे ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या लहान पोराने विचारावं तसं वाटलं असेल त्यांना. “त्यो थांबायला,” ते म्हणाले. “ह्यो घाटाला.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. चोरी नव्हती. मग लगेच लक्षात आलं, की या सहा-आठ महिन्यांत त्यांच्या शेजारी चेअरमन बसले होते, तो पंच बसला होता, गावातले कितीतरी जण बसले होते. सगळ्यांनी हे पाहिलं होतं आणि एकालाही त्यात वावगं दिसलं नव्हतं. घाटाच्या तोंडाशी थांबायचं, आवळायचं आणि तळाला सोडायचं, हे सगळे जन्मभर बघत आले होते. आमच्या गावात घाट असाच उतरत.

अकोल्याला मी मिस्त्रीला बाजूला घेऊन हळू सांगितलं. तो हळू हसला असता तर बरं झालं असतं. पण तो मोठ्याने हसला आणि त्याने हाताखालच्या माणसांना हाका मारल्या. “आरं, या रं इकडं! मामांनी मोटारीला दोर बांधलाय! मामा, वैरन काय घालता वं हिला?” दाजी पिकअपच्या मागे उभे राहून कॅन मोजत होते. ते कॅन आधीच मोजून झाले होते.

हसून झाल्यावर मिस्त्रीने नीट सांगितलं. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पाय ब्रेकवर अधूनमधून. हँडब्रेकला हात लावायचा नाही. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. “कळलं का मामा?” “कळलं.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सांगितलं तसं करायचं ठरलं. धोंड्याला पान ठेवून झालं. दाजींनी दुसरा गिअर टाकला, डावा हात मांडीवर ठेवला आणि गाडी सोडली. इंजिन मोठ्याने घुमायला लागलं. खरं सांगायचं तर गाडी आदल्या दिवसापेक्षा फार वेगात नव्हती. पण दाजींच्या कानाला जो घासण्याचा आवाज पाहिजे होता तो येत नव्हता. त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. डावा हात मांडीवरून उठायचा, लिव्हरपर्यंत जायचा, परत यायचा.

“चाललंय, दाजी,” मी म्हणालो. “बरोबर चाललंय.”

“फुटंल ही,” ते म्हणाले. “कशी वरडतीया बगा.”

“नाही फुटत. मिस्त्री म्हणाला ना.”

मधल्या सपाटीच्या अलीकडे एक मोठं वळण आहे, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे कठडा. वळणावर उतार वाढला, इंजिनाचा आवाज चढला आणि दाजींच्या हाताने लिव्हर धरून ती पूर्ण वर ओढली. त्यांनी ओढली असं मी म्हणणार नाही, त्यांच्या हाताने ओढली. मागची चाकं जागच्या जागी अडकली आणि गाडीचा मागचा भाग कठड्याकडे फिरला. मागे कॅन एकमेकांवर आपटले. गाडी रस्त्यात आडवी होऊन थांबली. उजवं मागचं चाक कठड्याच्या दगडाला टेकलं होतं, आणि तो दगड जागेवरून हललेला मला वर बसूनही दिसत होता.

आम्ही उतरलो. दोन कॅनची झाकणं उडाली होती आणि दूध फळीखालून रस्त्यावर येऊन वळणाने खाली चाललं होतं. दाजी त्या दुधाकडे बघत रस्त्याच्या कडेला बसले.

“बैल पुढं असायचे,” ते म्हणाले. “त्यांच्या कानावरनं कळायचं मला, गाडी किती रेटतीया त्ये. हिला पुढं कोन हाय? नुसती काच.”

मी उडालेली झाकणं गोळा करून कॅनवर बसवली.

“शिकन मी,” ते म्हणाले. “हात ऐकत न्हाई अजून. पंदरा दिस द्या मला पाव्हणं. कमिटीला आज जाऊन सांगू नगा.”

“चोरीचा आळ आहे तुमच्यावर, दाजी. तो तरी मला आज काढू द्या.”

“ऱ्हाऊ द्या त्यो.” त्यांनी मान वर केली. “चोर म्हनाले तर मी भांडन. घर उघडून दाखवीन, काय सापडतंय बगा म्हनंन. पन घाट उतरवता येत न्हाई म्हनाले, तर कुनाशी भांडू?”

उरलेला घाट त्यांनी पुन्हा आपल्या पद्धतीने, आवळून उतरवला. मी उतरवू दिला. मला खाली धडपणे पोचायचं होतं.

ते पंधरा दिवस द्यायचे की नाहीत, यावर मी दिवसभर विचार केला. बाजूने पुष्कळ होतं. शिकू शकेल असा माणूस होता. अक्काचं घर त्या पगारावर चालत होतं, दुसरा आधार नव्हता. त्यांनी वीस वर्षांत कुणाला इजा होऊ दिली नव्हती. पण माणसांची बंदी कागदावरच होती. बाजाराच्या दिवशी दाजी कुणाला तरी घेतच, मला ते माहीत होतं. ती कोंबडीवाली म्हातारी त्या वळणावर मागे बसलेली असती, तर ती कठड्याबाहेर गेली असती. आवळून उतरवावं तर जळके लायनर एके दिवशी धरायचेच थांबणार. सोडून उतरवावं तर हात ऐकत नाही. तिसरी वाट मला दिसली नाही.

मी संध्याकाळी कमिटीला सगळं सांगितलं. चोरी नाही हे पहिल्यांदा सांगितलं आणि ते लिहून घ्यायला लावलं. मग हँडब्रेकचं सांगितलं. मग वळणाचंही सांगितलं.

पंच मांडीवर थाप मारून हसला, “आयला, खरंच की! मी बसलो हुतो की शेजारी! मला वाटलं बेस उतरवतोय!” त्याच्या हसण्यात खोट नव्हती. सगळेच हसले, आपल्यालाही कळलं नाही म्हणून जास्तच हसले. चोरी नाही म्हटल्यावर खोलीतलं वातावरण एकदम हलकं झालं. पाचच मिनिटांत पंचाच्या भाच्याला बोलवायचं ठरलं. चेअरमन मला म्हणाले, “दाजींना म्हनावं, संकलनावर या. कॅन उतरवून घ्यायचे, मापावर उभं ऱ्हायचं. मानूस आपलाच हाय.”

किल्ली आणायला मी गेलो. दाजी दारात उभे होते, माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी आत जाऊन खुंटीवरची किल्ली आणली आणि माझ्या हातावर ठेवली. संकलनाचं काम मी सांगितलं तेव्हा म्हणाले, “बगू.” ते कधी आले नाहीत.

अक्का चुलीपाशी होती. तिने वळून बघितलं नाही. “झालं मोजून?” एवढंच म्हणाली.

भाच्याने गाडी व्यवस्थित चालवली. लायनर वर्षभर टिकले, पेट्रोल बेतात आलं. माझा जमाखर्च सरळ झाला. तो घाटाच्या तोंडाशी थांबत नसे. बाजाराच्या दिवशी माणसं पुन्हा कॅनवर बसू लागली, तो ठराव कुणी रद्द केला नाही आणि कुणी पाळलाही नाही. गावातल्या पोरांनी मात्र दाजींना बघून “हुर्रर्र” करायला सुरुवात केली, बैलांना हाकताना करतात तसं. वीस वर्षं लोक त्यांची वाट बघत घाटाच्या तोंडाशी उभे राहिले होते, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दाजी राजूरला पायी जायचे. पिकअप मागून आली की रस्ता सोडून बांधावर उभे राहायचे आणि ती गेल्यावर पुन्हा चालायला लागायचे.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. घाटाचा रस्ता रुंद करायचं सरकारी काम निघालं, आणि अक्का आणि दाजी दोघंही खडी फोडायला जाऊ लागले. तसे गावातले निम्मे लोक तिथे होते. ते मी स्वतःला लावून घ्यायला नको, असं मला पुष्कळांनी सांगितलं. पण त्या वर्षी दुधाच्या हिशेबासाठी मी रोज पिकअपमधून अकोल्याला जात होतो, आणि मोठ्या वळणावर डोक्याला फडकं बांधून बसलेली माझी बहीण मला रोज दिसायची. ती हातोडी थांबवून गाडी जाऊ द्यायची. धूळ बसली की पुन्हा सुरू.

तिने माझ्याशी बोलणं टाकलं नाही. सणावाराला येई-जाई. पण घरातलं काही विचारलं की म्हणायची, “तुला सांगून काय, तू लिहून ठेवशील.” ते ती हसत म्हणायची, आणि मीही हसायचो.

पंधरा दिवसांत दाजी शिकले असते का? याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी ते सांगितलं नसतं आणि काही झालं नसतं, तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. काही झालं असतं तर वेगळंच काही लिहावं लागलं असतं. हा हिशेब मी पुष्कळदा मांडला आणि तो मिळत नाही.

काही वर्षांनी अक्काच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. तिला संगमनेरला दाखवायला आम्ही तिघं एसटीने निघालो. तिघांच्या बाकावर अक्का खिडकीशी, मधे दाजी, कडेला मी. दाजींचे केस आता पांढरे झाले होते. गावाबाहेर पडेपर्यंत ते डॉक्टर काय विचारेल, काय सांगायचं, हे अक्काला समजावत होते. शेंदराचा धोंडा आला तसे ते बोलायचे थांबले. गाडी न थांबता घाटात शिरली. दाजींचा डावा हात पुढच्या बाकाच्या लोखंडी दांड्यावर गेला आणि त्यांनी तो हळूहळू आवळला.

मी खिडकीबाहेर बघत असल्यासारखं केलं. मोठं वळण गेलं. आता तिथे रस्ता रुंद आहे आणि कठडा नवा आहे. मधली सपाटी गेली. चिंचेचं झाड मागे पडलं, राजूरची घरं दिसायला लागली, तरी हात दांड्यावर तसाच होता.

अक्काला त्या दिवसांत नीट दिसत नव्हतं. झाड कुठे आलं हे तिला दिसलं नसावं. पण रस्ता सपाट झालेला तिला कळला असणार. तिने चाचपडत त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“अवं,” ती म्हणाली, “सुटला घाट.”

तेव्हा त्यांनी हात काढला.